दहा मिलिमीटर

इलाही पुण्याहून रात्री अडीचला निघतो.
शिशाच्या डब्यात बाटली, बाटलीत औषध,
आणि या औषधाला थांबायची सवय नाही,
दर एकशेदहा मिनिटांनी ते निम्मं होतं.
कराडला एक चहा, तोही उभ्याउभ्या.
मिरजेत डबा उतरतो तेव्हा
रुपयातले चार आणेही धड उरलेले नसतात.

आज रविवार. आजचं औषध माणसांसाठी नाही,
भुतासाठी.
फँटमला आम्ही भूतच म्हणतो:
धडाएवढा प्लास्टिकचा डबा, पाण्याने भरलेला,
आत सहा पोकळ गोळ्या.
सगळ्यांत थोरली लिंबाएवढी,
धाकटी टपोऱ्या हरभऱ्याएवढी. दहा मिलिमीटर.
नेमगोंडा सर सिरिंजने एकेक भरतात,
बुडबुडा राहू नये म्हणून टिचकी मारतात,
कान देऊन ऐकतात, जसं काही गोळी बोलणार आहे.

जुन्या यंत्राला मी बारा वर्षं ओळखते.
त्याचा पलंग आत सरकताना कण्हतो.
दुपारी खोली तापली की त्याचा एक डिटेक्टर रुसतो,
मग मी एसी सतरावर नेते आणि स्वेटर घालते.
नव्याच्या खोलीत अजून थर्माकोलचा वास आहे.

दोन्ही जोडयंत्रंच.
एक डोळा हाडामांसाचा नकाशा काढतो,
दुसरा नुसतं बघतो, कुठे काय जळतंय.
नकाशा चुटकीसरशी होतो, जळणं बघायला वेळ लागतो,
तेवढ्यात माणूस श्वास घेतो
आणि यकृताचा माथा नकाशाच्या बाहेर जातो.
भूत श्वास घेत नाही,
त्याला खोकला नाही, घरी ठेवलेली म्हैस नाही.
भुतापुढे दोन्ही यंत्रं शहाणी.

तरी आकडे आकडे असतात.
जुनं: चोवीस मिनिटं, पाच गोळ्या,
सहाव्या जागी धुकं.
नवं: आठ मिनिटं, सहा.
सरांनी रकाना हिरवा केला.
मी मान हलवली आणि मनात म्हटलं, सावळजच्या सुलाबाई.

गेल्या मार्चमध्ये त्या जुन्यावर झोपल्या होत्या.
हात डोक्यावर, डोळे घट्ट. रिपोर्ट स्वच्छ.
परवा नव्यावर घेतलं,
तर डाव्या काखेत एक ठिपका.
बाहेर बाकावर मुलगा विचारत होता,
"म्हणजे वर्षात वाढलं का हो?"
मी म्हटलं, मशीन वेगळं आहे, तसं सांगता येत नाही.
त्याला ते टाळल्यासारखं वाटलं. मलाही.

सुलाबाईच बोलल्या.
बेदाण्याच्या शेडवर त्यांची बावीस वर्षं गेली,
निवडणीत त्यांच्या बोटातून काडी सुटत नाही म्हणे.
"चाळण बारीक केली म्हून खडं वाढत्यात व्हय?
खडं तेवढंच असत्यात. आता गावत्यात."
मग थोड्या वेळाने, पदराचं टोक बघत,
"पर आदीच्या पाट्या तर गेल्या की बाजारात."

हे कुठल्या रकान्यात भरायचं?

सर गेल्यावर मी मार्चचं चित्र उघडलं.
आता जागा माहीत होती. डावी काख, तिसरी फासळी.
खिडकीचा उजेड कमी केला, काळं-पांढरं उलटं केलं.
दोन करडे चौकोन. शेजारी तसलेच चार,
जे काहीच नाहीत.
जुन्याने पाहिलं होतं की नाही
ते जुन्यालाही सांगता येणार नाही.

भुताचं पाणी अजून ओतायचं नाही.
झाकण लावून, पिवळी पट्टी चिकटवून
ते शिशाच्या कपाटात ठेवलं.
उद्या सकाळी मीटर लावीन,
काटा हलला नाही
की ते नुसतं पाणी, मिरजेच्या नळाचं.

मंगळवारी सुलाबाईंची सुई आहे,
काखेतली, अंदाज घेऊन.
जुन्याचा पलंग मी पुसून घेतला, तोही.
त्याला सोमवारी अकरा पेशंट आहेत.